लाल चिमटा

बायको गेल्याचं त्याला कळलं तेव्हा तो स्टुलावर उभा होता आणि त्याचा उजवा हात मेनच्या खटक्यावर होता. डाव्या हातात फोन होता. फोनवर लेक म्हणाली, "बाबा, या." त्याने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "या तुम्ही." एवढ्यावर त्याला कळलं. तरी त्याने खटका वर केला, तो पुन्हा खाली पडला, आणि मग तो स्टुलावरून उतरला. सकाळचे पावणेअकरा झाले होते. घरात फ्रिजचा आवाज नव्हता, धुण्याचं मशीन मधेच थांबलं होतं आणि काचेआड अर्धवट पाण्यात चादर दिसत होती. लेकीचा हा तिसरा फोन होता. आधीचे दोन वाजले तेव्हा फोन आतल्या खोलीत होता आणि तो स्वतः बोर्डापाशी होता. रिंग त्याला ऐकू येत होती. "आलो, आलो," असं तो फोनला म्हणालाही होता, दारात कोणी उभं असावं तसं. पण बोर्डावर हात असताना दुसरीकडे बघायचं नाही ही चौतीस वर्षांची सवय. कारखान्यात तो विजेचा फिटर होता. कागदाचा कारखाना, जिथे कागद ओढणारा एक रूळ बंद पडला की बाकीचे अकरा बोंब मारतात. तिथे फोन वाजत राहायचे आणि लोक आपलं काम करत राहायचे. दोन फोनांच्या मध्ये तो स्टुलावर चढउतर करत राहिला. प्लग काढ, खटका वर कर, प्लग लाव, खटका पडला. तिसऱ्या वेळी फोन आणून तो पुन्हा स्टुलावर चढला. पहिल्या रिंगपासून तिसऱ्यापर्यंत बावीस मिनिटं गेली, हे त्याने नंतर फोनमध्ये पाहिलं.

दवाखान्यातून तो साडेनऊला घरी आला होता. लेकच म्हणाली होती, "जाऊन या बाबा, चार दिवस झाले, आंघोळ करा, मला तुमच्याजवळ बसवत नाही." बायको तेव्हा जागी होती. ती हसली होती आणि हाताने जा जा असं केलं होतं. चार दिवसांपूर्वी तिला नेलं तेव्हा मशीन चालू होतं. जिना उतरताना ती म्हणाली, "मशीन बंद केलंत का?" तो म्हणाला, "केलं." आणि वर परत जाऊन त्याने ते खरोखर बंद केलं होतं. कपडे आत तसेच ओले राहिले. चार दिवसांनी दार उघडताच घरात कुबट वास आला. कपडे पुन्हा धुवायला हवेत, तेही गरम पाण्यात, असं त्याने ठरवलं. मशीन लावलं. मग आंघोळीसाठी गिझर. गिझरचं बटण न्हाणीघराबाहेर छताजवळ होतं, दोरी ओढून चालू करायचं, आणि त्या दोरीला कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावलेला होता. चिमटा हाताला लागला म्हणून त्याने तो काढला, शर्टाच्या खिशात टाकला आणि दोरी ओढली. दहा मिनिटांनी खटका पडला. आंघोळ त्या दिवशी झालीच नाही. त्याच शर्टात तो दवाखान्यात परत गेला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही असतात तरी काही फरक पडला नसता. डॉक्टर भला माणूस होता. फरक कशाला पडला नसता हे त्याने विचारलं नाही. लेकीने काहीच विचारलं नाही. फोन का उचलला नाहीत, एवढे चार शब्द ती केव्हाही विचारू शकली असती. ती दोन आठवडे राहिली, कपाटं आवरली, त्याला दोन वेळचं जेवायला घातलं, पण ते चार शब्द तिने काढले नाहीत. न विचारलेला प्रश्न घरात फिरत राहिला. लेक एका खोलीत आली की तो दुसऱ्या खोलीत जायचा.

लेक होती तोवर मशीन एकदाही ट्रिप झालं नाही. ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी खटका पडला. त्या दिवशी त्याला जवळजवळ बरं वाटलं. बिघाड म्हणजे काय, तो कसा शोधायचा, हे त्याला ठाऊक होतं. शिवाय त्याला एक गोष्ट ठरवायची होती. ती बावीस मिनिटं कोणाच्या खात्यावर जातात ते. मशीनच्या जात असतील तर एक, वायरिंगच्या जात असतील तर दुसरं. वायरिंग त्याने स्वतः केलं होतं. बिघाड सापडला की लेकीला सांगता येईल, असं झालं म्हणून मी फोन उचलला नाही. नुसतं "मी बोर्डापाशी होतो" हे सांगण्यासारखं नव्हतं. बोर्डापाशी माणूस काही कारणाने असतो. तेव्हा कारण पाहिजे.

त्याने कारखान्याच्या पद्धतीने सुरुवात केली. घरातले सगळे प्लग काढले, फ्रिजचासुद्धा. मग एकटं मशीन लावलं आणि गरम पाण्याचं पूर्ण धुणं होईपर्यंत, दीड तास, समोर स्टूल टाकून बसला. खटका पडला नाही. मशीन बंद करून एकटा गिझर लावला. पडला नाही. एकटा फ्रिज, एकटी इस्त्री, एकटा मिक्सर. मिक्सर चालवायला काही हवं म्हणून त्यात नुसतं पाणी घालून फिरवलं. ती असती तर म्हणाली असती, "पाण्याचं लोणी काढताय का?" काहीच पडलं नाही. मशीनचं मागचं झाकण काढून त्याने वायरी पाहिल्या, कुठे उंदराने कुरतडलंय का, कुठे पाणी उतरलंय का. मागे धूळ होती आणि एक मोजा होता. मोजा त्याचाच होता, करड्या रंगाचा, बऱ्याच वर्षांपूर्वीचा. एक मोजा हरवला म्हणून त्याने एकदा घर डोक्यावर घेतलं होतं आणि ती म्हणाली होती, "एक पाय घरी ठेवून जा." तो मोजा त्याने खिडकीत ठेवला. वहीत लिहिलं: मशीन, निर्दोष. गिझर, निर्दोष. फ्रिज, निर्दोष. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळं नेहमीसारखं जागच्या जागी लावल्यावर, मशीन सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि खटका पडला. एकेकट्याला धरलं की सगळे सज्जन. अशी माणसं त्याने पाहिली होती, पण यंत्रं अशी नसतात असं त्याचं मत होतं.

शेवटी त्याने खालच्या दुकानातल्या वायरमनला बोलावलं. फिटरने वायरमन बोलावणं म्हणजे न्हाव्याने दाढीला दुसरीकडे जाणं. पण चौतीस वर्षांत तो एक शिकला होता, आपली चूक आपल्याला दिसत नाही, तिला दुसऱ्याचे डोळे लागतात. वायरमन पोट सुटलेला, बोलघेवडा माणूस होता. आल्या आल्या त्याने पाणी मागितलं, बोर्ड बघितला आणि म्हणाला, "वायरिंग कोणी केलंय?"

"मी."

"झकास आहे. असं आता कोणी करत नाही. करायला लागले तर आम्ही जेवायचं काय?" मग त्याने मशीनवर थाप मारली. "काका, याचं वय झालं. माणसासारखंच असतं बघा. वरून ठणठणीत, आणि एक दिवस..." इथे त्याला काहीतरी आठवलं. त्याने जीभ चावली. "म्हणजे मशीनबद्दल बोललो."

"कळलं मला. बोला."

"नाहीतर मी काय म्हणतो, हा खटका बदलू. हा फार हळवा आहे. जरा जाड कातडीचा बसवतो. मग करंट गळू दे काय गळायचा तो, पडणार नाही."

"नको."

"का?"

"पडतोय ते बरोबर पडतोय. पडायचं काम आहे त्याचं."

वायरमन हसला. "तुम्ही कारखान्यातले ना? वाटलंच. कारखान्यातल्या माणसाला घरातलं कळत नाही, काका. राग मानू नका. घरात काय एकटं चालतं? सगळं एकदम चालतं." पैसे न घेताच तो गेला. जिन्यावरून त्याचा फोनवर बोलण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

घरात सगळं एकदम चालतं, हे वाक्य त्याच्या डोक्यात राहिलं. पण त्याचं काय करायचं ते त्याला सुचलं नाही. तो बसून राहिला. दुपार होती. समोरच्या इमारतीत कोणीतरी गादी झटकत होतं. त्याला वाटलं, ही वेळ ती काय करत असायची हे आपल्याला माहीत नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, दोन वर्षं तो याच खुर्चीत बसत होता आणि ती याच घरात होती, तरी माहीत नाही. सकाळचं थोडं आठवत होतं. कामावर होता तेव्हा तो पाचला आंघोळ करून निघायचा, तेव्हा ती धुणं लावत नसे. निवृत्त झाल्यावर तो नऊला उठून न्हाणीघराकडे निघाला की ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "थांबा वीस मिनिटं." "का?" "थांबा म्हटलं ना." तो दोरीला लटकलेला चिमटा पाहायचा आणि परत वर्तमानपत्र घेऊन बसायचा. "तुझं राज्य आहे," असं म्हणायचा. चिमटा निघाला की ती हाक मारायची, "जा आता." त्याला वाटायचं, रिकामटेकड्या नवऱ्याला वेळेवर चालवायची ही तिची एक तऱ्हा. चिमट्याबद्दल त्याला काहीच वाटलं नव्हतं. बायका चिमटे कुठेही लावतात.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. रोज यायचा, सातला. रोजचं बोलणं ठरलेलं: जेवलात का, काय केलंत, झोप लागते का. त्याने मशीनचं सांगितलं. सांगताना आवाज साधा ठेवला. पहिल्यांदा कधी ट्रिप झालं ते गाळून, परवापासून ट्रिप होतंय, असं म्हणाला.

"गिझर चालू होता का?" लेक म्हणाली.

"म्हणजे?"

"बाबा, मशीन लावलं की गिझर लावायचा नाही. दोन्ही एकदम लावलं की मेन पडतो. कायमचंच आहे ते."

"कायमचं म्हणजे?"

"मी कॉलेजात होते तेव्हापासून. नऊ वर्षं झाली असतील. म्हणून तर आई चिमटा लावायची दोरीला. चिमटा असला की गिझरला हात लावायचा नाही. मला दोनदा ओरडा बसलाय त्यावरून. मी होते तेव्हा शोधला तो चिमटा, सापडला नाही. मग मीच लक्ष ठेवून होते."

तो दोरीकडे पाहत राहिला. लेक म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं? तुम्हीच तर सांगितलं होतंत तिला."

"मी काय सांगितलं होतं?"

"की दोन्ही एकदम लावू नकोस, रविवारी बघतो."

"मग?"

"मग काय. रविवारी तुम्ही झोपलात." लेक हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली. "आई म्हणायची, दिव्याखाली अंधार. पुढेपुढे म्हणायची, जाऊ दे, माझं काही अडत नाही. लाल चिमटा होता तो, माझं नेलपॉलिश संपवलं तिने त्याच्यावर. ओरडले होते मी. तर म्हणाली, बाबांच्या कारखान्याची पद्धत आहे, लालच लागतो."

तो म्हणाला, "बरं. उद्या बघतो." आणि फोन ठेवला. शर्ट दाराआड खुंटीवर होता. त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर काढून ठेवलेला, तो धुवायला टाकायचं लेकीच्याही लक्षात आलं नव्हतं. खिशात चिमटा होता. लाकडी, साधा. दोन्ही पाती लाल रंगवलेली, रंगाचे टवके उडालेले. स्प्रिंगजवळ रंग नव्हता, तिथे तिने तो जपून टाळला होता, नाहीतर तो चिकटला असता.

कारखान्यात लाल पाटी असायची. यंत्रावर काम करणाऱ्याने आधी त्याचा स्विच बंद करायचा, स्विचच्या दांड्याला आपल्या नंबराची लाल पत्र्याची पाटी अडकवायची आणि मग यंत्रात हात घालायचा. ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. दुसऱ्याने काढली तर नोकरी गेली, मग मॅनेजर असो की आणखी कोणी. पहिल्या दिवशी फोरमनने त्याला हेच शिकवलं होतं, बाकी विजेचं नंतर. एकदा असं झालं की ज्याला सगळे खिळ्या म्हणत त्या फिटरने दोन नंबरच्या रुळावर पाटी लावली, शिफ्ट संपली म्हणून काम अर्धं ठेवून घरी गेला आणि झोपेतच गेला. दोन दिवस रूळ बंद. मॅनेजर येऊन फोरमनच्या तोंडासमोर ओरडला, "अरे मेलाय तो! काढ ती पाटी!" फोरमन म्हणाला, "ज्याची पाटी त्याचा हात. हात नसेल तर कागद." मग कागद झाला. पाटी कोणी लावली, केव्हा, का, काढणारा कोण. खाली दोन सह्या. एक काढणाऱ्याची आणि एक लावणाऱ्याच्या घरच्या माणसाची. खिळ्याच्या भावाला बोलावलं. त्याला लिहिता येत नव्हतं, त्याने अंगठा दिला. मग फोरमनने पाटी काढली आणि भावाच्या हातात दिली. हे त्याने घरी जेवताना सांगितलं होतं. ती वाढता वाढता थांबली. "बायकोला का नाही बोलावलं?"

"बायकांना आत सोडत नाहीत."

"सही तिची पाहिजे होती."

"तिला काय कळतंय त्यातलं?"

"मेला तो तिचा," ती म्हणाली आणि तिने उरलेलं वाढलं. तो दहा-बारा वर्षांपूर्वीचा दिवस असावा. चिमटा त्यानंतरचा.

रविवारी बघतो असं आपण म्हणालो का, हे तो आठवून पाहत राहिला. म्हणालो असू. सगळ्याच गोष्टींना तो रविवारी बघतो म्हणायचा. ती म्हणायची, आजचं मरण उद्यावर. तिने गेल्या वर्षी दोनदा सांगितलं होतं, जिना चढताना दम लागतो. एकदा म्हणाली, हात भरून येतो. एकदा, रात्री पाय सुजतात. ही वाक्यं वेगवेगळ्या महिन्यांतली होती. प्रत्येक वेळी तो काहीतरी म्हणाला होता आणि ते चुकीचं नव्हतं. जिना चढताना सगळ्यांनाच दम लागतो. वयाने पाय सुजतातच. डॉक्टरने ती सगळी एका कागदावर एकाखाली एक लिहिली तेव्हा ती त्याने पहिल्यांदा एकत्र वाचली.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात जाऊन मीटर घेऊन आला, तारेभोवती जबडा मिटून गळती मोजणारं. त्याच्या जागी आलेल्या फिटरने ते दिलं आणि वहिनींचं कळलं, असं म्हणाला. मोजायला अर्धा तास लागला. मशीन, पाणी तापवताना, सतरा मिलिअँपिअर. गिझर, अकरा. बाकी घर मिळून चार. खटका तिसाला पडायचा. सतरामुळे पडत नव्हता, अकरामुळे पडत नव्हता. बेरजेने पडत होता. मशीनच्या हीटरला आतून ओल लागली होती, ती नऊ वर्षं हळूहळू वाढली असणार. गिझरचंही तेच. दोन्ही कामं मिळून एका सकाळची. त्याने जाऊन मशीनचा हीटर आणला. दुकानदार म्हणाला, मशीनच नवं घ्या ना. तो म्हणाला, हीटर द्या.

घरी आल्यावर त्याने वहीतलं एक पान फाडलं आणि फोरमनने केला होता तसा कागद केला. अक्षर ठसठशीत काढलं, कारखान्यातल्यासारखं. चिमटा कोणी लावला: बायकोने. का: मशीन आणि गिझर एकदम लागू नयेत म्हणून, माझ्या सांगण्यावरून. किती दिवस: नऊ वर्षं. कोणी काढला: मी. केव्हा: त्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, न विचारता. परिणाम: खटका पडला. मी स्टुलावर होतो. फोन दोनदा वाजला, तो ऐकू आला, उचलला नाही. बावीस मिनिटं. एवढं लिहून त्याने वाचून पाहिलं. काही खोटं नव्हतं. मग त्याने खाली सही केली आणि तिच्या शेजारी एक रेघ ओढून जागा सोडली.

सातला लेकीचा फोन आला. "बघितलंत का मशीनचं?" तिने विचारलं. "बघितलं," तो म्हणाला. "काय निघालं?" तो म्हणाला, "तू म्हणालीस तेच." "आणि चिमटा?" ती म्हणाली. "तो कुठे गेला होता? आई गेली त्या दिवशी दोरीला नव्हता. मी रात्री आल्यावर पाहिलं होतं." त्याच्या समोर कागद होता. त्याला दोन वाक्यं वाचून दाखवायची होती, फक्त दोन. तो म्हणाला, "सापडला. इथेच होता." लेक म्हणाली, "जेवलात का?"

सकाळी त्याने चिमटा दोरीला लावला आणि मशीन सुरू केलं. त्याच चादरी, तोच शर्ट. दीड तास तो आंघोळीशिवाय खुर्चीत बसला. मशीन थांबल्यावर कपडे काढून वाळत घातले, चिमट्यापाशी गेला, हात वर केला आणि तसाच खाली घेतला. आंघोळ गार पाण्याने केली. गार पाणी वाईट नव्हतं. पुढच्या वेळीही त्याने तसंच केलं, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. आता चिमटा दोरीलाच असतो.

मधे तीन रविवार होऊन गेले. लेक महिनाअखेरीला येणार आहे. नवा हीटर खोक्यात, मशीनवर आहे. खोक्याखाली कागद आहे. हीटर बसवायचा राहिला आहे, आणि कागदावरची दुसरी सही व्हायची आहे.